दुकानदार म्हणतो ‘अकरा मारून देतो’, भाचा म्हणतो लिनक्स

प्रश्न : मी घरून मराठी टायपिंगची कामं करते. पतसंस्थेचे अहवाल, लग्नपत्रिका, वकिलांचे अर्ज. भाच्याने पुण्याहून जुना लॅपटॉप आणून दिलाय : थिंकपॅड टी४६०, आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बहुतेक काम श्रीलिपीत, थोडं वर्डमध्ये. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घेतो की मी बटण दाबून चहा टाकायला जाते. हल्ली पडद्यावर येतं की या विंडोजचा सपोर्ट संपला, आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. इथला दुकानदार म्हणतो, ‘आणा इकडे, आठशे रुपयांत अकरा मारून देतो, सगळं चालतं.’ भाचा म्हणतो, ‘मावशी, विंडोज सोड, लिनक्स टाकू.’ मिस्टर म्हणतात, चाललंय ते चालू दे. मुलगा अकरावीला आहे, त्यालाही हाच लॅपटॉप लागतो. माझं सगळं जुनं काम यात आहे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, वाई

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. विंडोज ११ आत्ता टाकू नका. लिनक्सही या डिस्कवर नको. आणि मिस्टर म्हणतात तसं नुसतं चालूही ठेवू नका. विंडोज १० राहू द्या, पण मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा, ती फुकटात होते. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काही फिरत नसलेली वेगवान डिस्क, बसवा. आणि श्रीलिपीचं पुढे काय, हे या वर्षात ठरवून टाका. दुकानदाराला आठशे रुपये द्यायचेच असतील तर एसएसडी बसवण्याचे द्या.

तुमच्या पत्रात मी थबकलो तो श्रीलिपीच्या नावाशी. मुलाचा अभ्यास, यूट्यूब, बँकेची कामं कुठल्याही मशिनवर होतील. तुमची रोजीरोटी मात्र एका ठरावीक सॉफ्टवेअरवर, त्याच्या फाँटांवर, त्याच्या परवान्याच्या लॉकवर आणि एका जुन्या प्रिंटरवर उभी आहे. म्हणून ‘नवीन कुठलं टाकू’ याआधी ‘माझं काम कशावर चालतं’ हे विचारायचं. दुकानदाराने ते विचारलं नाही, भाच्यानेही नाही.

आता अकरा का नाही. तुमचा टी४६० साधारण २०१६ सालचा. त्यातला आय५ सहाव्या पिढीचा, म्हणजे आय५-६२०० किंवा आय५-६३०० असा काहीतरी. ‘आय५’ पुढच्या आकड्यातला पहिला अंक त्या काळात पिढी सांगायचा. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर पात्र ठरवले. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर त्याआधीचे सगळे बाहेर. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिपही लागते. ती तुमच्याकडे असली तरी उपयोग नाही, कारण गाडी प्रोसेसरवरच अडते. पडद्यावरची सूचना खरी आहे, व्हायरस नाही.

दुकानदारही खोटं बोलत नाही. ही तपासणी चुकवून अकरा टाकता येतं आणि सहाव्या पिढीच्या मशिनवर ते चालतंही. पण मायक्रोसॉफ्टने स्वच्छ लिहून ठेवलंय की अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही. दर वर्षीची मोठी आवृत्ती तिथे आपोआप येत नाही, परत कोणीतरी बसून तपासणी चुकवावी लागते. होम आणि प्रो या प्रकारांत अकराच्या प्रत्येक आवृत्तीला चोवीस महिने सपोर्ट असतो. म्हणजे दोन वर्षांत पुन्हा दुकान, पुन्हा पैसे.

हेही एक वेळ चालेल. मला खरी काळजी आहे ती ‘मारून देतो’ या दोन शब्दांत नेमकं काय बसतं याची. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली मूळ फाइल वापरून, तुमच्या फायली जागेवर ठेवून अपग्रेड करणारे दुकानदार आहेत. पण पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं फिरणारं कोणीतरी छाटलेलं ‘लाइट’ विंडोज टाकणारेही आहेत. त्यात अपडेट आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस काढून टाकलेला असतो, म्हणून ते सुरुवातीला हलकं वाटतं. वर अ‍ॅक्टिव्हेशनसाठी क्रॅक (परवान्याची तपासणी फसवणारं सॉफ्टवेअर), आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद. आणि हे सगळं बहुतेक वेळा फॉरमॅट मारूनच. सुरक्षेसाठी अपग्रेड करायला गेलात आणि आहे तीही सुरक्षा घालवून आलात, असा हा व्यवहार होतो. तेव्हा कधीही कोणाच्या हातात लॅपटॉप द्याल तर आधी विचारा : विंडोजची फाइल कुठून आणली, फॉरमॅट होणार का, आणि अ‍ॅक्टिव्हेशन कशाने करणार. तीनपैकी एकाचंही उत्तर ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं आलं, तर लॅपटॉप पिशवीत घालून घरी या.

मिस्टरांचं म्हणणं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी काही बंद पडलं नाही, म्हणून त्यांना वाटतं की फरक पडत नाही. फरक हळूहळू पडतो. विंडोजमध्ये दर महिन्याला नवी भोकं सापडतात आणि मायक्रोसॉफ्ट ती बुजवतं. आता तुमच्याकडची बुजत नाहीत, आणि दुसरीकडे काय बुजवलं हे जाहीर होत असल्याने चोरांना ती भोकं शोधायचेही कष्ट उरत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने सुमारे दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. आणि तो व्हायरस पसरायला कोणी कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. त्यामुळे ‘मी कुठे नको तिथे जाते?’ या युक्तिवादात दम नाही.

मिस्टर एका परिस्थितीत मात्र शंभर टक्के बरोबर ठरतात : लॅपटॉप इंटरनेटला कधीच जोडला नाही तर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता वाढीव अपडेटची नोंदणी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वापरणाऱ्या साध्या ग्राहकांसाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे. नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत महत्त्वाची सुरक्षा अपडेट येत राहतात. नवीन सोयी मिळत नाहीत, त्या तुम्हाला नकोच आहेत. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘विंडोज अपडेट’ उघडा. तिथे नोंदणीची लिंक दिसायला हवी. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, ते तुमच्या जीमेलच्या पत्त्यावरही काढता येतं. त्या खात्याने लॉग-इन करून ‘माझ्या सेटिंग्ज क्लाउडवर ठेवा’ याला होकार दिला की पैसे लागत नाहीत. ते नको असेल तर तीस डॉलर किंवा त्या देशातली तेवढी रक्कम भरायची, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे हजार गुण वापरायचे. सेटिंग्ज म्हणजे वॉलपेपर, भाषा, वाय-फायचे पासवर्ड असल्या गोष्टी. तुमच्या ग्राहकांच्या फायली त्यासाठी वर चढवाव्या लागत नाहीत. ‘वनड्राइव्हवर फोल्डर ठेवू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, फुकटची पाच जीबी जागा तुमच्या कामाला लगेच कमी पडेल.

लिंक दिसली नाही तर? ‘सिस्टिम’मधल्या ‘अबाउट’ या पानावर जा. आवृत्ती ‘२२एच२’ हवी. नसेल तर आधी नेहमीची अपडेट पूर्ण होऊ द्या. त्याच पानावर विंडोजचा प्रकार लिहिलेला असतो, तो नीट वाचा. होम किंवा प्रो असेल तर ठीक. ‘एंटरप्राइझ’ असेल तर ही सवलत लागू नाही, आणि ते विंडोज बहुधा तुमच्या नावचंही नाही. कंपन्यांतून निघालेल्या लॅपटॉपवर हे सर्रास आढळतं. घाबरू नका. या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये मूळ विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते. तिथे योग्य प्रकारचं विंडोज १० नव्याने टाकलं की इंटरनेट मिळताच ते आपलं आपण अ‍ॅक्टिव्हेट होतं. तसं झालं तर क्रॅकही नको आणि किल्ली विकत घ्यायचीही गरज नाही. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’च्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं दिसलं की समजा जमलं.

आता चहाचा मुद्दा. बटण दाबून चहा टाकायला जावं लागतं याचं खापर विंडोजवर फोडू नका. आठ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरेशी आहे, प्रोसेसरही म्हातारा असला तरी टायपिंगला भरपूर झाला. अडचण आहे ती फिरत्या हार्ड डिस्कची. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये डावीकडे डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ लिहिलेलं दिसेल. लॅपटॉप नुकताच सुरू केला असेल तर तिचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला असेल. अशा डिस्कवर अकरा टाका नाहीतर बारा, चहा उकळून आटेपर्यंत वाट पाहायची. उलट तिच्या जागी एसएसडी बसवली तर हेच विंडोज १० अर्ध्या मिनिटाच्या आसपास कामाला लागतं. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो हा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टी४६० मध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसते, हार्ड डिस्क काढायची आणि त्याच जागी ही. सगळं मिळून दीडशे जीबीच्या आत असेल तर अडीचशेची पुरेल, नाहीतर पाचशेची घ्या. सध्या मेमरी आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढे आहेत, तेव्हा दोन ठिकाणी विचारा. नाव नसलेली स्वस्त डिस्क मात्र नको, तुमचं सगळं काम त्यावर बसणार आहे.

दुकानदाराला सांगताना शब्द नेमका वापरा : ‘क्लोन करून द्या, फॉरमॅट नको.’ क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर. श्रीलिपी, फाँट, प्रिंटरचा ड्रायव्हर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर), वर्डच्या सेटिंग्ज, सगळं जिथल्या तिथे. मदरबोर्ड तोच राहत असल्याने विंडोजचं लायसन्सही तसंच राहतं. आणि यातला सगळ्यात मोठा फायदा कोणी सांगत नाही : तुमची जुनी हार्ड डिस्क अख्खी, चालू स्थितीत हातात राहते. काही बिघडलं तर ती परत बसवली की आदल्या दिवशीचा लॅपटॉप परत. ती दुकानात ठेवून येऊ नका, ‘एक्स्चेंज’मध्ये तर अजिबात देऊ नका. त्यावर ग्राहकांची कागदपत्रं आहेत.

दोन गोष्टी दुकानात जाण्याआधी घरीच पाहून घ्या. लॅपटॉप सुरू करताना लेनोव्होचं चिन्ह दिसताच एंटर आणि मग एफ१ दाबा. बायॉस (विंडोजच्या आधीचा, मशिनच्या सेटिंग्जचा पडदा) उघडलं तर उत्तम. पासवर्ड मागितला तर तो आधीच्या कंपनीचा राहून गेलाय. थिंकपॅडचा हा पासवर्ड सहजासहजी निघत नाही, तेव्हा ज्याच्याकडून भाच्याने लॅपटॉप आणला त्याच्याशीच बोलावं लागेल. दुसरं, या मॉडेलला बाहेरच्या काढघाल बॅटरीशिवाय आत आणखी एक बॅटरी असते. पाठ उघडण्याआधी बायॉसमध्ये जाऊन ती बंद करायची असते. घाईतला माणूस बाहेरची बॅटरी काढतो आणि झालं समजतो. दुकानात त्याला हे आवर्जून विचारा. थिंकपॅड हाताळलेला असेल तर तो तुमच्याआधीच बोलेल.

आता बॅकअप. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्यासारख्या कामात लोक नेमके इथेच फसतात.

‘सगळं डी ड्राइव्हला आहे, सीला काही नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत मधे घातलेलं लाकडी पार्टिशन. छप्पर पडलं तर दोन्हीकडे पडतं. डिस्क खराब झाली की सी, डी, ई सगळे एकदम जातात. बॅकअप म्हणजे लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत पाहा. ‘गुड’ असेल तर सावकाश करा. ‘कॉशन’ असेल तर आजच सगळं बाहेर काढा, क्लोन नंतर.

काय काढायचं? डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह तुम्ही काढालच. डेस्कटॉप विसरू नका, मराठी माणसाचं निम्मं ऑफिस डेस्कटॉपवर असतं. डाउनलोड्समध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले मजकूर आणि फोटो पडलेले असतील. पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची जागा वेगळीच आहे : सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरातला ‘फाँट्स’ नावाचा फोल्डर. श्रीलिपीत केलेली जुनी पत्रिका श्री-देव-०७१४ मध्ये असेल आणि नव्या मशिनवर तो फाँट नसेल, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल. फाइल शाबूत, वाचता मात्र येत नाही. फायलींचा बॅकअप आहे आणि फाँटांचा नाही, ही टायपिंगवाल्यांची नेहमीची रड आहे. तो फोल्डर पूर्ण कॉपी करा. त्याबरोबर श्रीलिपीची सीडी किंवा सेटअप, लायसन्सचा कागद, आणि यूएसबीचं लॉक असेल तर ते कुठे ठेवलंय हे लिहून ठेवा.

मोठ्या ग्राहकांच्या शेवटच्या फायलींची पीडीएफही काढा. पतसंस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल पीडीएफमध्ये असला की फाँट असो-नसो, मजकूर डोळ्यांसमोर राहतो. आणि सगळं झाल्यावर ती बाहेरची डिस्क दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकाला लावून चार फायली उघडून बघा. हे न करता ‘बॅकअप आहे’ म्हणू नये.

हे सगळं करताना चार्जर लावलेला हवा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पंधरा-वीस मिनिटांत मान टाकते आणि लाइट नेमकी तेव्हाच जाते. इन्व्हर्टर नसेल तर क्लोनचं काम दुकानातच होऊ द्या.

भाच्याचं ऐकायचं का? त्याचा सल्ला वाईट नाही, फक्त चुकीच्या माणसाला दिलाय. लिनक्स मिंट हे विंडोज वापरणाऱ्याला पटकन रुळणारं लिनक्स आहे, फुकट आहे, तुमच्या टी४६० वर छान चालेल, आणि त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. त्यात मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करता येतं. लिबरऑफिस असतं, ते वर्डच्या फायली उघडतं. ब्राउझर तोच. मुलाच्या अकरावीला याहून जास्त काही लागत नाही. पण श्रीलिपी विंडोजसाठी बनलेली आहे. हिशेबाचं टॅली वापरणारा ग्राहक उद्या तुमच्याकडे आला तर टॅलीही विंडोजचीच. आणि तुमचा एलबीपी २९००. हा प्रिंटर आपल्याकडे कोर्टाबाहेरच्या टपरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे दिसतो, मरता मरत नाही, टोनर कुठेही भरून मिळतो. पण लिनक्सवर तो छळतो. कॅननची जुनी स्वतःची पद्धत आहे, ती लिनक्सला सहज कळत नाही. संध्याकाळी सहाला वकिलाचा माणूस अर्ज घ्यायला दारात उभा असताना भाच्याला पुण्याला फोन लावायची वेळ येऊ नये.

तरी भाच्याचा उत्साह वाया घालवू नका. त्याला मिंटचा पेन ड्राइव्ह करून आणायला सांगा, आठ जीबीचा पुरतो. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट तिथूनच चालतं, डिस्कला हात लागत नाही. ‘इन्स्टॉल’वर मात्र कोणी क्लिक करायचं नाही, हे त्याला आणि मुलाला दोघांना दम देऊन सांगा. एक दुपार मुलाला वापरू द्या, प्रिंटरही लावून बघा. बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला, की विंडोज होतं तिथे.

आता १३ ऑक्टोबर २०२६ नंतरचं. तेव्हा तुमच्यापुढे दोन रस्ते असतील आणि दोन्हींची तयारी आजपासून करता येते.

पहिला : टी४६० फक्त श्रीलिपीसाठी ठेवायचा आणि त्याचं वाय-फाय कायमचं बंद. मिस्टर बरोबर ठरतात ती परिस्थिती हीच. नेटला न जोडलेलं विंडोज १० आणखी बरीच वर्षं पत्रिका छापत राहील. फक्त ग्राहकांचे पेन ड्राइव्ह त्यात थेट खुपसू नका. फायली दुसऱ्या मशिनवर उघडून, तपासून, मग स्वतःच्या पेन ड्राइव्हने आणा. यासाठी इंटरनेटच्या कामाला दुसरं काहीतरी लागेल, मुलासाठी वेगळा संगणक म्हणा.

दुसरा : पात्र प्रोसेसरचा दुसरा सेकंडहँड लॅपटॉप. तो घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, प्रोसेसरचा आकडा पाहा. थिंकपॅड टी४८० बहुतेक आठव्या पिढीचा असतो, पण त्यात सातव्या पिढीचेही निघाले आहेत. आय५-८२५० किंवा ८३५० दिसला तर घ्या. ७२०० किंवा ७३०० दिसला तर कितीही चकचकीत असो, नको. ‘विंडोज ११ टाकलेलं आहे’ हा पुरावा नव्हे, तुमचा दुकानदार तुमच्या टी४६० वरही ते टाकायला तयार आहेच की. पण हा रस्ता धरण्याआधी श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकला फोन करून तुमच्या आवृत्तीचा क्रमांक सांगा, आणि ती व तिचं लॉक अकरावर चालतं का ते विचारा. अकरामध्ये जुन्या ड्रायव्हरांबाबत कडक नियम आहेत, आणि जुनी यूएसबी लॉकं अशा ड्रायव्हरवरच चालतात. नवीन आवृत्ती घ्यावी लागली तर तो खर्च लॅपटॉपच्या किमतीत धरायचा.

यात भर म्हणून, नवीन येणारं काम हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, घ्यायला लागा. जुन्या फायली बदलत बसू नका, त्यात जीव जाईल. नवीन तेवढं. विंडोज १० मध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करायचा, असे दोन्ही कीबोर्ड आतच आहेत. पत्रिकांना फाँट कमी पडतील अशी भीती पूर्वी खरी होती. आता मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका असे चांगले फाँट फुकट मिळतात. कोर्टाच्या अर्जाला मुक्ता बरा, पत्रिकेच्या नावांना बालू. महिरपी आणि गणपती मात्र तुम्हाला श्रीलिपीतूनच आणावे लागतील, ते मान्य.

राहिला वेळेचा प्रश्न. नोंदणी आजच करा, त्याला दहा मिनिटं लागतात. बॅकअप या आठवड्यात. एसएसडीचं काम मात्र भर लग्नसराईत काढू नका. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात मुहूर्त नाहीत म्हणजे पत्रिकाही नाहीत, आणि पतसंस्थेचं ऑडिट होऊन अहवाल तुमच्याकडे यायला तेव्हा अजून अवकाश असतो. मुलाची परीक्षाही संपलेली असेल. दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवा, आणि एसएसडी आधी विकत घेऊन ठेवा. क्लोन झाल्यावर घरी आणलात की पहिलं काम श्रीलिपी उघडून एक जुनी पत्रिका एलबीपीवर छापून बघा. ती नीट आली तर जुन्या हार्ड डिस्कवर तारीख लिहून कपाटात टाका, आणि दिवाळीपर्यंत तिला हात लावू नका.